बारावीचे घर

5 मे 2025 रोजी राज्य मंडळाचा बारावीचा निकाल लागला. परीक्षेला बसलेल्या 14 लाख 17 हजार 969 नियमित विद्यार्थ्यांपैकी 13 लाख 2 हजार 873 उत्तीर्ण झाले, टक्केवारी 91.88. आपला नाशिक विभाग 91.31 टक्क्यांवर राहिला. पेढे आणि फोटोंच्या गडबडीत शाखानिहाय आकडे मात्र मागे पडले. विज्ञान शाखेचा निकाल 97.35 टक्के होता, वाणिज्यचा 92.68 आणि कलेचा 80.52. म्हणजे विज्ञानाची शंभरातली तीन मुले अडकली आणि कलेची जवळजवळ वीस. आता सिन्नरमधल्या कोणत्याही गल्लीतले बारावीचे घर डोळ्यांसमोर आणा. टीव्ही कोणासाठी बंद होतो? क्लासची फी कोणासाठी उसनवारी करून भरली जाते? ‘यंदा आमच्याकडे बारावी आहे, लग्नाला यायला जमणार नाही’ असे कोणाची आई सांगते? बहुतेक वेळा विज्ञानाला असलेल्या मुलाची. कलेला असलेला मुलगा त्याच महिन्यात कांद्याला पाणी धरायला जातो, कारण ‘आर्ट्‌सला असतो काय अभ्यास’ हे घरात ठरून गेलेले असते. नापास होण्याचा धोका ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याकडेच घराचे लक्ष सर्वांत कमी असते.

पालक मुलांसाठी काही करत नाहीत, अशी तक्रार आम्हाला करायची नाही. सिन्नरचे आईवडील मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढतात, हे येथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. आमचे म्हणणे एवढेच की हे कष्ट आणि हा पैसा बराचसा चुकीच्या जागी खर्च होतो. तो मुलाच्या अभ्यासावरच्या पहाऱ्यावर जातो. जी कामे मुलाला करताच येणार नाहीत, घरातल्या मोठ्यांनीच करायची असतात, ती मात्र निकाल लागेपर्यंत तशीच पडून राहतात.

सिन्नर तालुका कसा आहे ते ध्यानात घेतल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. वडील रात्रपाळी करून सकाळी घरी येतात तेव्हा मुलाची कॉलेजला जायची वेळ झालेली असते. पूर्व भागात, वावीच्या बाजूला, पाऊस कमी. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांचा उन्हाळ कांदा नेमका फेब्रुवारीत शेतात उभा असतो. शहरातल्या जुन्या वस्त्यांमध्ये आजही बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, बोटांत दोरा. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबतात. एकच खोली, एकच दिवा. त्या दिव्याखाली एका बाजूला आई विड्या वळते आहे आणि दुसऱ्या बाजूला मुलगी इंग्रजीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवते आहे. मध्येच आई म्हणते, एवढ्या विड्यांची तोंडे दुमडून दे, उद्या कारखान्यात माल द्यायचा आहे. ती चुकीचे काही सांगत नाही. पण फेब्रुवारीतली ती अर्धी-पाऊण रात्र मुलीच्या खात्यातून जाते. 2025 च्या निकालात मुली 94.58 टक्के उत्तीर्ण झाल्या आणि मुलगे 89.51 टक्के. घरकाम करूनही मुली पुढे आहेत, म्हणजे घरकामाने काही बिघडत नाही, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. त्या काम करूनही पुढे गेल्या आहेत, आणि त्याची किंमत त्यांनी झोपेतून मोजली आहे.

अभ्यासावर नजर ठेवल्याने गुण वाढतात, हा समज फार पक्का आहे. संशोधन त्याला दुजोरा देत नाही. शिताओ फॅन आणि मायकेल चेन यांनी 2001 मध्ये पालकांच्या सहभागावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुलाच्या यशाशी सर्वांत घट्ट संबंध पालकांच्या अपेक्षांचा आढळला, आणि सर्वांत क्षीण संबंध घरातल्या देखरेखीचा. 2009 मध्ये नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी पन्नास अभ्यासांची अशीच छाननी केली. मुलाशी शिक्षणाच्या मोलाविषयी आणि पुढच्या वाटांविषयी बोलणारे पालक त्यात सर्वाधिक उपयोगी ठरले. गृहपाठाला बसवून मदत करण्याचा फायदा दिसला नाही. हे अभ्यास मुख्यतः परदेशातले आहेत, आणि दुसरा तर सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांवरचा आहे. ते जसेच्या तसे सिन्नरला लावता येणार नाहीत. तरी शिक्षण कमी झालेल्या आईबापांना त्यांतून एक दिलासा जरूर मिळतो. मुलाचे कॅल्क्युलस आपल्याला कळत नाही म्हणून आपण कमी पडतो, हे दुःख त्यांनी उराशी बाळगण्याचे कारण नाही. कळत असते तरी त्याचा फारसा उपयोग झाला नसता.

मग मोठ्यांचे काम कोणते? पहिले काम कागदांचे. बारावीच्या मुलाला लागणारे दाखले आठवून पाहा. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेयर, आर्थिक दुर्बल घटकाचा. आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र. नॉन-क्रिमीलेयरवर मुदत छापलेली असते. ती संपली की तो दाखला प्रवेशाला चालत नाही. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. हा पुरावा आजोबा-पणजोबांच्या नावाचा असतो. आजोबा ज्या गावच्या शाळेत दोन-तीन इयत्ता शिकले, तिथल्या जुन्या रजिस्टरचा उतारा काढायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर कोतवाल बुकातली जन्माची नोंद शोधायची, आणि ती सापडली की तिथे मोडीत काय लिहिले आहे ते वाचणारा माणूस शोधायचा. आधारवर आडनाव एका तऱ्हेने आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने, हा घोळ तर घरोघरी आहे. सतरा वर्षांच्या मुलाने हे करायचे? चुलते, मामा, गावचा ग्रामसेवक यांना फोन करायला बाप लागतो. आणि हे सारे जूनमध्ये, प्रवेशाची मुदत दारात उभी राहिल्यावर, तहसील कचेरीच्या रांगेत करण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत केले, तर मुलाच्या डोक्यावरचे केवढे ओझे उतरते!

कागदांबरोबर पैशाची माहितीही येते, आणि ती सर्वांत कमी पोहोचते ती ज्यांना सर्वांत गरज आहे त्यांच्याकडे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. अकरावी-बारावीला वर्षाला 3 हजार रुपये, व्यावसायिक पदवीला 25 हजार. त्यासाठी आईचे विडी कामगार ओळखपत्र हवे. वर्षानुवर्षे विड्या वळूनही ते हातात नसेल, तर ते काढण्याची वेळ बारावीच्या आधीची. 2024-25 पासून राज्य सरकारने वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. हे ठाऊक नसलेला बाप ‘आपल्याला कुठे झेपणार’ म्हणत मुलीचे स्थळ पाहायला लागतो. त्या मुलीला आणखी एक क्लास लावण्यापेक्षा ही एक ओळ तिच्या बापाला समजणे जास्त मोलाचे आहे.

दुसरे काम वाटेची माहिती घेण्याचे. अभियांत्रिकीचा प्रवेश आज बारावीच्या टक्क्यांवर होत नाही, तो सीईटीवर होतो. बारावीला संबंधित विषयांत 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के मिळाले की पात्रता झाली. वैद्यकीयचे सगळे नीटवर आहे. मंडळाची परीक्षा मार्चमध्ये संपते, एप्रिलमध्ये सीईटी, मेच्या सुरुवातीला नीट. असे असताना विज्ञानाच्या मुलाला मंडळाच्या एका पेपरात दोन गुण गेले म्हणून घरी आल्याबरोबर उलटतपासणी करणे, हे त्याच्या पुढच्या दोन महिन्यांवर पाणी सोडणे आहे. कलेच्या मुलाचे गणित याच्या अगदी उलट असते. त्याच्यासाठी मंडळाची परीक्षाच सर्वकाही आहे. पोलीस भरतीला बारावी उत्तीर्ण असावे लागते. पहाटे अंधारात धावायला जाणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हे पुरेसे बजावून सांगितले गेले आहे की इंग्रजीत गाडी अडली तर मैदान मारूनही उपयोग नाही? त्यांचा पहिला पेपर इंग्रजीचाच असतो. लेखी 80 गुणांची, तोंडी 20 गुणांची, आणि दोन्ही मिळून 35 हवेत. कलेच्या मुलासाठी घरातून एक काम करायचे असेल तर ते हे: जानेवारी-फेब्रुवारीत त्याला शेतातून आणि दुकानातून मोकळे करा, आणि रोज दोन तास इंग्रजीला मिळू द्या. विधीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी कला शाखेच्या मुलांनाही खुली आहे, हेही घरात बोलले जावे.

तिसरे काम साधे दिसते आणि सर्वांत अवघड आहे: झोप आणि रस्ता. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितले. दहा सोडा, आपल्याकडे सात मिळाले तरी पुष्कळ. रात्रपाळीहून येणाऱ्या वडिलांसाठी पहाटे दार उघडायला कोण उठते, हे परीक्षेपुरते ठरवून बदलता येते. पेपर अकराला सुरू होतो आणि त्याआधी अर्धा तास केंद्रावर पोहोचावे लागते. दुबेरे, ठाणगाव, वावी भागातल्या मुलाने एसटीच्या एका गाडीवर विसंबून राहायचे का? गावातल्या चार पालकांनी मिळून आधी एक गाडी बोलून ठेवली, तर सकाळची धाकधूक निम्मी होते.

यावर काही पालक म्हणतील, ढील दिली तर पोरे मोबाइल घेऊन बसतात, धाक हवाच. मोबाइलची अडचण खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. मात्र फोन हिसकावून घेतला की तो चोरून पाहिला जातो, हेही पालक रोज पाहतात. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन, आईवडिलांचेसुद्धा, एका फळीवर ठेवायचे, असा नियम टिकतो. कारण तो एकट्या मुलावर लादलेला नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: स्पर्धा एवढी असताना दबाव नको म्हणणे हे खात्यापित्या घरांचे चोचले आहेत, गरिबाच्या मुलाला एकच संधी असते. गरिबाला संधी कमी असतात हे निर्विवाद आहे. म्हणूनच ती एक संधी दाखल्याअभावी, माहितीअभावी किंवा परीक्षेच्या सकाळी चुकलेल्या गाडीमुळे जाऊ नये, यासाठी आमचा आग्रह आहे. अपेक्षा जरूर ठेवावी, वर दिलेले संशोधनही तेच सांगते. ‘तू शिकशील’ हा विश्वास मुलाला बळ देतो. ‘शेजारच्याला ब्याण्णव पडले’ हे वाक्य त्याच्या कामाचे नाही.

तिसरा आक्षेप असा की दाखले मिळवून देणे हे सरकारचे काम, ते पालकांच्या गळ्यात का? या आक्षेपाशी आम्ही सहमत आहोत. अकरावीतच प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात तहसील कार्यालयाने दाखल्यांचे शिबिर भरवावे, जात पडताळणीचे अर्ज तिथेच तपासून घ्यावेत. दाखल्यांबाबत कला आणि वाणिज्यच्या मुलांना विज्ञानाच्या रांगेमागे उभे करू नये. मुसळगाव आणि माळेगावच्या कारखानदारांनी परीक्षेच्या काळात बारावीच्या पालकांना पाळी बदलून दिली, तर त्यांचे उत्पादन बुडणार नाही. नोंदणी असलेल्या विडी कारखान्यांनी ओळखपत्रांचे काम आपण होऊन हाती घ्यावे. हे सारे घडेपर्यंत मात्र अर्ज घेऊन रांगेत उभे राहायला पालकच आहेत.

एक गोष्ट बोलायला जड आहे, पण टाळता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13 हजार 44 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांतल्या सर्वाधिक, 1 हजार 764, महाराष्ट्रातल्या आहेत. अशा मृत्यूमागे कारण एक नसते आणि परीक्षेवर सगळे खापर फोडणे बरोबर नाही. पण मूल जेवत नाही, बोलत नाही, ‘माझ्याने होणार नाही’ असे पुन्हा पुन्हा म्हणते, तेव्हा ‘नाटके करू नको’ हे उत्तर नव्हे. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, आणि पालकांनाही फोन करता येतो. तो दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला काही लागत नाही.

2025 मध्ये एक लाख पंधरा हजार नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, म्हणजे निकालानंतर जेमतेम दीड-दोन महिन्यांत. तिच्या अर्जाची मुदत छोटी असते. निकालाच्या दुपारी घरात जे रडणे-ओरडणे होते, त्यात पहिले काही दिवस निघून जातात, आणि मुलगा अर्ज न भरताच कुठेतरी कामाला लागतो. त्या संध्याकाळी वडिलांनी पाळीवर जाण्याआधी मुलाजवळ बसून एवढेच विचारावे: कोणता विषय राहिला, आणि फॉर्म कधी भरायचा आहे?