क्वीगचा थरथरता हात आणि हॉल्सींचा पाचवा तारा

आज एका काल्पनिक कप्तानाविषयी आणि एका खऱ्या वादळाविषयी.

१९ नोव्हेंबर १९५५ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘द केन म्यूटिनी कोर्ट-मार्शल’ हे नाटक थेट प्रक्षेपित झाले. हर्मन वौक यांनी आपल्याच कादंबरीतला खटला तेवढा वेगळा काढून हे नाटक लिहिले होते. आरोपी लेफ्टनंट मॅरिक; डिसेंबर १९४४ च्या वादळात कप्तान क्वीगला दूर सारून जहाजाची सूत्रे हाती घेतल्याचा ठपका त्याच्यावर आहे. कागदोपत्री खटला मॅरिकवर चालतो, पणाला लागते ती क्वीगची युद्धातील पत.

नाटकात ना समुद्र, ना जहाज. आहेत त्या फक्त साक्षी. पहिल्या साक्षीत क्वीग रुबाबदार वाटतो. पुढे बचावाचा वकील ग्रीनवाल्ड उलटतपासणी घेतो, तेव्हा त्याच्या बोटांत पोलादी गोळ्या फिरू लागतात, वाक्ये तुटू लागतात. क्वीग साकारणाऱ्या लॉइड नोलन यांना एमी पुरस्कार मिळाला, तो सार्थच होता. आदल्याच वर्षी सिनेटर मॅकार्थी यांच्या सुनावण्या याच पडद्यावर पाहिलेल्या प्रेक्षकांना साक्षीदाराचा चेहरा वाचण्याची सवय झालेली होती.

मॅरिक सुटतो. मात्र विजयाच्या मेजवानीत ग्रीनवाल्ड स्वतःच उसळतो : आम्ही सुखाने शिकत होतो, तेव्हा देशाची राखण क्वीगसारखेच लोक करीत होते! आणि तो मद्याचा पेला बंडाला फूस लावणाऱ्या कीफरच्या तोंडावर रिकामा करतो.

हे भाषण अनेकांना नाटकाचा प्राण वाटते. मला ते अर्धेच पटते. ऋण खरे आहे. पण बुडू पाहणाऱ्या जहाजावरच्या खलाशांनी ते जीव देऊन का फेडावे? शिवाय ग्रीनवाल्ड आणि कीफर या दोघांचीही नजर कप्तानाच्या पदापर्यंतच पोहोचते. त्याच्या वर कोण होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्या वादळाचा इतिहास मात्र वरपर्यंत जातो. १८ डिसेंबर १९४४ रोजी अ‍ॅडमिरल हॉल्सी यांचे तिसरे आरमार फिलिपिन्सच्या पूर्वेस खऱ्याखुऱ्या तुफानात सापडले. ‘हल’, ‘स्पेन्स’ आणि ‘मोनाहन’ या तीन विनाशिका बुडाल्या. सुमारे ७९० माणसे गेली. चौकशी झाली. हॉल्सी यांच्या निर्णयात चूक झाली असा निष्कर्ष निघाला, पण शिक्षेची शिफारस झाली नाही. वौक स्वतः पॅसिफिकमध्ये सुरुंग काढणाऱ्या जहाजांवर अधिकारी होते. हे सारे त्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण. तरीही साक्षीदाराच्या खुर्चीत त्यांनी बसवला तो एका जुनाट जहाजाचा कप्तान.

डिसेंबर १९४५ मध्ये हॉल्सी फ्लीट अ‍ॅडमिरल झाले, पाच ताऱ्यांचे.