आधी मोजपट्टी तपासा

‘रक्ताच्या तपासणीवरून रोगाची आगाऊ सूचना’ अशा मथळ्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या वाचून आनंद होतो आणि व्हावाही. पण मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. सूचना मिळाली असे कोणी म्हणाले की माझा पहिला प्रश्न असतो : मोजले कशाने, आणि त्या मोजमापात त्रुटी किती? वैद्यकातील एका नव्या आणि खरोखर विलक्षण संशोधनाच्या निमित्ताने हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवावा असे वाटते.

आपल्या हाडांच्या पोकळीतील लाल मज्जेत मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू हे सारे त्यांच्यापासून तयार होतात. रक्ताच्या कर्करोगात कधी कधी रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी व किरणांनी नष्ट करतात आणि दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे देतात. या पेशी रक्तातून फिरत फिरत स्वतःच हाडांत जाऊन वस्ती करतात. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी माणसावरील असे पहिले प्रयत्न १९५७ साली प्रसिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९९० च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आपल्या देशात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी हे रोपण यशस्वी केले.

या इतिहासातील एक प्रसंग पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत अपघात होऊन सहा जणांच्या अंगावर तीव्र किरणोत्सर्ग पडला. त्यांना पॅरिसला नेण्यात आले. तेथे डॉ. जॉर्ज माते यांनी पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. पाचांपैकी एक दगावला, चार वाचले. मज्जा न दिलेला सहावाही वाचला. मग त्या चौघांच्या वाचण्यात दात्यांच्या मज्जेचा वाटा किती? यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. चौघे वाचले ही गोष्ट खरी, पण कशामुळे वाचले हे निर्विवाद सांगणारे मोजमाप हाती नव्हते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. दात्याच्या मज्जेबरोबर त्याच्या टी-पेशीही येतात. परक्याला ओळखून मारणे हे त्यांचे काम. नव्या शरीरात त्यांना सारेच परके वाटते आणि त्या रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. पाहुण्याने यजमानालाच घराबाहेर काढावे, तसा हा प्रकार! डॉक्टर याला ‘ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट’ विकार म्हणतात. अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ ही त्याची लक्षणे. पण पुरळ औषधानेही येते आणि जुलाब जंतुसंसर्गानेही होतात. खात्री करण्यासाठी बहुधा कातडीचा किंवा आतड्याचा तुकडा काढून पाहावा लागतो. उपचार म्हणजे स्टेरॉइड देऊन प्रतिकारशक्ती दाबणे. उशीर झाला तर विकार बळावतो आणि विनाकारण दिले तर जंतूंना रान मोकळे मिळते. शिवाय उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशी मारण्याचे कामही याच टी-पेशी करतात, तेही मंदावते. दोन्ही बाजूंनी प्राणाशी गाठ आहे. म्हणूनच लक्षणांच्या आधी इशारा देणारी खूण, म्हणजे जैवदर्शक, हवा असतो.

असा दर्शक पेशींच्या टपालात सापडेल अशी आशा आहे. पेशी आपल्या भोवतालच्या द्रवात अतिसूक्ष्म पिशव्या सोडत असतात. त्यांना आपण पेशीबाह्य पुटिका म्हणू. १९६७ साली पीटर वुल्फ यांना बिंबाणूंपासून निघालेले असे कण दिसले, तेव्हा त्यांनी त्यांना ‘बिंबाणूंची धूळ’ म्हटले. १९८३ साली रोझ जॉनस्टोन व फिलिप स्टाल यांच्या गटांनी, अपक्व तांबड्या पेशी नको असलेली प्रथिने अशा पिशव्यांतून बाहेर टाकतात, असे दाखवले. हा पेशींचा केरकचरा, अशीच त्या वेळी समजूत होती. २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी या पिशव्यांत आरएनए असल्याचे दाखवले आणि कचऱ्याची पेटी ही टपालपेटीही असू शकते हे ध्यानात आले.

या टपालातल्या काही चिठ्ठ्या म्हणजे मायक्रोआरएनए. सुमारे २२ अक्षरांचे हे तुकडे स्वतः प्रथिन बनवत नाहीत, तर दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचे प्रथिन बनणे रोखतात. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांनी १९९३ साली एका चिमुकल्या कृमीत त्यांचा छडा लावला आणि २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वर सांगितलेला विकार होणाऱ्या रुग्णांच्या रक्तद्रवात चार मायक्रोआरएनए लक्षणे दिसण्याआधीच वाढलेले आढळले. पुढे पुटिकांमध्येही असा शोध सुरू झाला.

मग अडले कोठे? माझ्या मते, अडले आहे मोजण्यात. पुष्कळशा पुटिका ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. साहजिकच साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांचा आकार दिसत नाही, त्यांनी विखुरलेल्या प्रकाशाचे ठिपके तेवढे दिसतात. हे ठिपके थरथरत असतात. ही तीच ब्राउनीय गती, जिचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडले. कण जितका लहान तितकी थरथर अधिक. त्यावरून आकार काढता येतो. युक्ती सुंदर आहे! पण रक्तातील चरबीचे कणही असेच थरथरतात आणि ते पुटिकांहून कितीतरी जास्त असतात. पुटिका नीट वेगळ्या केल्या नसतील, तर रुग्ण जेवून आला की उपाशी होता, यावरही आकडा बदलतो.

चिठ्ठ्यांचेही तसेच. रक्त काढताना किंवा नळी हलवताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील मायक्रोआरएनए-४५१ रक्तद्रवात मिसळतो आणि जो इशारा रोगाचा वाटावा तो निष्काळजी हाताळणीचा असतो. रक्तातील बरेचसे मायक्रोआरएनए पुटिकांत नसून प्रथिनांना चिकटून हिंडतात, हे २०११ साली दिसून आले. २०१४ च्या एका मोजणीत तर एखाद्या विशिष्ट मायक्रोआरएनएची सरासरी एक प्रतही एका पुटिकेच्या वाट्याला येत नाही, असे आढळले. इतक्या थोड्या चिठ्ठ्या मोजण्यासाठी त्यांच्या प्रती दुप्पट, चौपट, आठपट अशा वाढवत नेतात. वीस वेळा दुप्पट केले की एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. पण मोजणीत एका फेरीचा फरक पडला, तर उत्तर एकदम दुप्पट किंवा निम्मे!

आता थोडे अंकगणित करू. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. १००० रुग्णांपैकी १०० जणांना गंभीर विकार होणार आहे असे समजा. चाचणी आजारी शंभरांतील ९० जणांना अचूक पकडते आणि उरलेल्या ९०० पैकी फक्त दहा टक्क्यांना, म्हणजे ९० जणांना, खोटा इशारा देते. एकूण इशारे १८०, त्यांतले खरे ९०. ‘नव्वद टक्के अचूक’ वाटणारी चाचणी इशारा देते तेव्हा निम्म्या वेळा चुकते. त्या ९० निरोगी माणसांना स्टेरॉइड द्यायचे काय?

कोणी म्हणेल, रुग्ण खाटेवर असताना हा काटेकोरपणा कसला? मला वाटते, रुग्ण खाटेवर आहे म्हणूनच तो हवा. हे संशोधन थांबवा असे मी म्हणत नाही. उलट त्याला पुरेसा पैसा व माणसे मिळावीत. पण नवा दर्शक शोधणाऱ्याला जो मान मिळतो, तोच मान नळ्या कशा हाताळाव्यात हे ठरवणाऱ्याला, एकच नमुना दहा प्रयोगशाळांत तपासून पाहणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. पुटिकांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ साली असे किमान नियम प्रसिद्ध केले व पुढे दोनदा सुधारले. ते काम बातमीत येत नाही, पण बातमी खरी ठरते ती त्याच्याच जोरावर.

याची सुरुवात शाळेच्या प्रयोगशाळेतच होते. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९८० च्या आसपास यावे म्हणून वाचने मागून भरण्याची प्रथा आपल्याकडे किती ठिकाणी आहे, हे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मी सांगायला नको. माझी त्यांना विनंती आहे की, ९४० उत्तर आणून त्रुटी कोठून आली हे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या. आणि मित्रांनो, तुम्ही स्क्रूगेज हातात घ्याल तेव्हा आधी शून्य त्रुटी पाहा. तुमच्यापैकी कोणी उद्या अशा रुग्णाचे रक्त तपासत असेल. त्याने लिहिलेल्या आकड्यावर डॉक्टर औषध द्यायचे की नाही ते ठरवतील. तेव्हा वाचने मागून भरण्याची सवय त्याच्या हाताला नसावी.