पहिल्या तासाचा विषय

आज ३ डिसेंबर. संविधान सभेचे अध्यक्ष आणि देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांचा जन्मदिवस आपण वकील दिन म्हणून पाळतो. तालुक्यातालुक्यांच्या बाररूममध्ये आज ज्येष्ठांना शाल-श्रीफळ दिले जाईल, नव्याने सनद मिळालेल्यांचे गुलाबाचे फूल देऊन स्वागत होईल, चार शब्द बोलले जातील. हे व्हायलाच हवे. पण या दिवशी मला दर वर्षी आठवते ती बाररूमपर्यंत न पोचलेली माझी एक मैत्रीण. तिला वकील व्हायचे होते. बुद्धी होती, चिकाटी होती, वादात समोरच्याला निरुत्तर करण्याची हातोटी होती. तिचे घर खर्डीला होते आणि विधी महाविद्यालय दक्षिण मुंबईत.

मुंबईच्या लोकलचा नकाशा पाहिला की सगळे एकाच शहराचे भाग वाटतात. प्रत्यक्षात मुंबई सीएसएमटीपासून कर्जत १०० किलोमीटरवर आहे आणि कसारा १२१. पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून डहाणू रोड १२४ किलोमीटर. कल्याणपर्यंत गाडीमागून गाडी असते. कल्याण सोडले की दोन लोकलमधले अंतर वाढत जाते, आणि मागून एखादी लांब पल्ल्याची गाडी येत असेल तर आपली लोकल थांबून राहते. सिग्नल, इंजिनातला बिघाड, पावसाळ्यात घाटाच्या बाजूला काही झाले, तर त्या दिवसाचे नियोजन संपले. मुरबाडच्या मुलामुलींना तर गाडी धरण्यासाठी आधी एसटीने कल्याण गाठावे लागते, कारण मुरबाडला अजून रेल्वेच नाही.

मी शहापूरची. पहिला तास आठचा, म्हणून घर पहाटे पाचच्या आत सोडायचे. शेअर रिक्षाने आसनगाव स्टेशन, मग लोकल. आसनगावला खिडकी नाही तरी निदान चौथी सीट मिळे. टिटवाळ्यापर्यंत पुस्तक उघडता येई, कल्याणनंतर ते मिटावे लागे, कारण पान उलटायला कोपर हलवण्याइतकीही जागा उरत नसे. मग मी डोळे मिटून कलमे म्हणत असे. बेअर अॅक्ट लहान आकाराचे का छापतात, याचे उत्तर मला त्या डब्यात मिळाले. परतीच्या प्रवासात दादरला चढणे शक्य नसे, म्हणून उलट सीएसएमटीला जाऊन बसायचे. रात्री आसनगावला उतरले की बाबा मोटारसायकल घेऊन उभे असत. तीन वर्षे ते जवळजवळ रोज उभे होते. ज्यांच्या घरी असे कोणी उभे राहू शकत नव्हते, त्या मुलींनी संध्याकाळचे मूट कोर्ट, ग्रंथालय आणि सीनियरच्या चेंबरमधली इंटर्नशिप सोडून दिली. पदवी त्यांना मिळाली, पण वकील घडतो तो बहुतांशी या तीन ठिकाणी.

आता थोडा हिशेब. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार आठवड्याला किमान ३० तासांचे अध्यापन हवे, त्यांपैकी किमान २४ तास व्याख्यानांचे. माझा घरापासून वर्गापर्यंतचा प्रवास एका बाजूने पावणेतीन तासांचा होता. दोन्ही बाजू मिळून साडेपाच. सोमवार ते शनिवार धरले की ३३ तास. म्हणजे आठवड्यात मी जितका वेळ कायदा ऐकत होते त्याहून अधिक वेळ गाडीत, फलाटावर आणि रिक्षात होते. विद्यार्थ्यांना रेल्वेच्या पासात सवलत असते, एसटीचा विद्यार्थी पासही एक तृतीयांश भाड्यात मिळतो. पैशांची काळजी व्यवस्थेने थोडीफार घेतली आहे. वेळेचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही.

त्याच नियमावलीत हजेरीचे कलम आहे. प्रत्येक विषयाच्या ७० टक्के तासांना हजर असल्याशिवाय त्या विषयाच्या सत्रपरीक्षेला बसता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य ६५ टक्क्यांवर परवानगी देऊ शकतात, पण त्यासाठी सगळ्या विषयांची मिळून हजेरी ७० टक्के असावी लागते. वाचायला हा नियम अगदी समतोल वाटतो. दूरहून येणाऱ्यावर तो कसा उतरतो, हे मात्र गाडीतून येऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

लोकल उशिरा आली की बुडतो तो नेहमी पहिला तास. दुसरा नाही, तिसरा नाही. आणि वेळापत्रकात पहिल्या तासाला बहुतेक दिवस एकच विषय लावलेला असेल, तर वर्षभराचा सगळा उशीर त्या एकाच विषयाच्या खात्यावर जमा होतो. आमच्या सत्रात आठवड्यातले चार दिवस पहिला तास पुराव्याच्या कायद्याचा होता. माझी त्या विषयातली हजेरी ६७ टक्के भरली आणि प्राचार्यांच्या अखत्यारीत मी निभावून गेले. खर्डीच्या मैत्रिणीची सर्व विषयांची मिळून हजेरी ७४ टक्के होती, पुराव्याच्या कायद्यात ६१. खर्डी आसनगावच्या पलीकडे, दोन स्टेशने पुढे. त्या दोन स्टेशनांचा फरक पडला. आठ वाजून सात मिनिटांनी धापा टाकत आलेली ती बंद दाराबाहेर उभी राही, आणि दुपारच्या शेवटच्या तासाला, जेव्हा निम्मा वर्ग रिकामा असे, तेव्हा पहिल्या बाकावर बसलेली असे. हजेरीपटाला यातले काही दिसत नव्हते. नोटीस बोर्डावरच्या यादीत तिचे नाव लागले. रेल्वेकडून गाडी उशिरा आल्याचा दाखला आणावा, असे कार्यालयातून सांगण्यात आले. किती दिवसांचा आणणार? तिचे सत्र गेले. पुढच्या वर्षी घरच्यांनी पुन्हा प्रवेश घेऊ दिला नाही. पहाटे चारला उठून जायचे आणि शेवटी गैरहजर ठरायचे, तर जायचे कशाला, हा तिच्या आईचा प्रश्न होता आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

हजेरीचा नियमच नको, असे माझे म्हणणे नाही. कायदा घरी बसून पाठ करता येतो, शिकता येत नाही. शिक्षकाने एखाद्या निवाड्यातला बिनमहत्त्वाचा वाटणारा धागा उचलून दाखवावा, मागच्या बाकावरून कोणी हरकत घ्यावी आणि तासभर वाद रंगावा, यालाच विधी शिक्षण म्हणतात. पत्राद्वारे मिळवलेल्या पदवीवर सनद मिळत नाही, तेही योग्यच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हजेरी म्हणजे शिकण्याची इच्छा, असे आपण धरून चालतो. कॉलेजच्या गल्लीत राहणारा विद्यार्थी ७० टक्के हजर असतो तेव्हा त्याने ३० टक्के तास आपल्या मर्जीने सोडलेले असतात. खर्डीहून, १०७ किलोमीटरवरून येणारीचे तेच तास सिग्नलने, पावसाने आणि गर्दीने नेलेले असतात. दोघांना एकच मोजपट्टी लावणे ही समानता नव्हे. असमानांना समान वागवू नये, हे आपण अनुच्छेद १४ शिकवताना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

आणि ती गर्दी म्हणजे काय, हे ९ जून २०२५ रोजी साऱ्या देशाने पाहिले. मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी रुळांवर पडले. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. आठचा तास गाठायला निघालेल्या आपल्या मुलीला ‘ही गाडी सोड, पुढची पकड’ असे सांगणाऱ्या आईबापांना त्या दिवसापासून आणखी एक भीती लागली आहे. पुढची गाडी म्हणजे पहिला तास गेला, हे मुलीला माहीत असते. ती ही गाडी सोडत नाही.

३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. केवळ हजेरी कमी भरली म्हणून विधी शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये, आणि बार कौन्सिलने हजेरीच्या निकषांचा फेरविचार करावा, असे न्यायालयाने सांगितले. मूट कोर्ट, चर्चासत्रे, प्रत्यक्ष न्यायालयातले कामकाज पाहणे यांनाही श्रेय मिळावे, हा विचार त्यात आहे. या प्रकरणाच्या मुळाशी २०१६ मध्ये हजेरीच्या कारणाने परीक्षेला मुकलेल्या आणि त्यानंतर आत्महत्या केलेल्या एका विद्यार्थ्याची कहाणी आहे. निकाल यायला नऊ वर्षे लागली. आता फेरविचाराला तरी इतकी वर्षे लागू नयेत.

न्यायव्यवस्थेने स्वतःपुरते अंतराचे महत्त्व मान्य केलेले आहे, म्हणून मला आशा वाटते. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलन केले. त्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते : मुंबई आम्हाला लांब पडते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले. त्याआधी ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकील म्हणून नाव नोंदवण्याचे शुल्क अधिवक्ता कायद्यात लिहिले आहे तेवढेच, म्हणजे ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपये असावे, असा निर्णय दिला. काही राज्यांत हे शुल्क चाळीस हजारांच्या वर गेले होते. गरीब घरातल्या मुलांना व्यवसायाच्या दारातच अडवले जाते, हे न्यायालयाला दिसले. पक्षकाराचे अंतर मान्य झाले, नव्या वकिलाचे शुल्क उतरले. मधला, शिकणाऱ्याचा प्रवास तेवढा तसाच राहिला.

अंतर हा शिक्षणातला पहिला अडसर आहे, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली ती याच जाणिवेतून. शाळा फुकट केली तरी खेड्यातला मुलगा रात्री राहणार कुठे, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढले तेही त्याच मार्गाने. ज्यांच्या नावाने आजचा दिवस साजरा होतो ते राजेंद्रप्रसाद बिहारमधल्या जिरादेई या खेड्यातले. कलकत्त्यात शिकत असताना ते ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये राहत असत. आज मुंबईत विधी शाखेच्या मुलींसाठी परवडणारे वसतिगृह शोधणाऱ्या पालकांना विचारा, किती दारे ठोठावली. जवळच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा म्हटले तर तिथे जागा मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी विनाअनुदानित शुल्क झेपेलच असे नाही. कमी शुल्काचे महाविद्यालय दूर आणि पहाटेची गाडी, हीच निवड उरते.

खर्डीची एक मुलगी वकील झाली नाही म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते शहापूर तालुक्याचे. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात आहेत. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला. भूसंपादन, मोबदल्याची वाटणी, सातबाऱ्यावरच्या चुकीच्या नोंदी, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अडकलेले दावे, कातकरी आणि ठाकूर वस्त्यांतल्या लोकांचे दाखले, ही इथली रोजची प्रकरणे. या कामांना असा वकील लागतो ज्याला पाड्याची वाट माहीत आहे आणि आजीबाईची बोली समजते. तो बाहेरून आणता येत नाही. तो इथल्याच घरातून निघावा लागतो आणि शिकून इथेच परतावा लागतो. १९७६ मध्ये घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३९-अ समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यावर टाकतो. ते साहाय्य देणारी माणसेच आपण नोटीस बोर्डावरच्या यादीत गमावत असू, तर ते कर्तव्य पार पडणार कोणाच्या हातून?

नव्या वसतिगृहांसाठी निधी लागेल, वर्षे लागतील, आणि त्याची मागणी करत राहावीच लागेल. पण काही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. शनिवारी शहापूरच्या किंवा कर्जतच्या न्यायालयात बसून विद्यार्थ्याने दिवसभराचे कामकाज टिपले आणि तिथल्या ज्येष्ठ वकिलाने त्यावर सही केली, तर ती हजेरी धरावी. साक्षीदाराची उलटतपासणी फळ्यावर शिकण्यापेक्षा तिथे अधिक चांगली शिकता येते. सहा दिवसांचे विखुरलेले तास पाच दिवसांत सलग बसवावेत. मोकळे तास मध्ये सोडून मुलांना दिवसभर अडकवू नये. आणि सगळ्यात सोपे म्हणजे पहिला तास फिरता ठेवावा. सोमवारी एक विषय, मंगळवारी दुसरा. उशीर झाला तरी तो सगळ्या विषयांवर थोडा थोडा वाटला जाईल आणि कोणाचेही सत्र एकाच विषयापायी जाणार नाही. एवढे केले असते तर ६१ टक्के कधीच भरले नसते, कारण एकूण हजेरी ७४ होती.

विधी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आजच्या दिवशी एक विनंती आहे. पुढच्या सत्राचे वेळापत्रक लावण्याआधी प्रत्येक वर्गात एक कोरा कागद फिरवा. त्यावर विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी लिहू द्या : गावाचे नाव आणि घरातून निघण्याची वेळ. तो कागद समोर ठेवून पहिला तास ठरवा.