गुठळी काढल्यानंतर

फुप्फुसाच्या धमन्यांत साचून जुन्या झालेल्या रक्ताच्या गुठळ्या गोळ्यांनी विरघळत नाहीत. त्या भिंतीला चिकटून बसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. त्या सोलून काढण्यासाठी शरीर २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटे थांबवावे लागते. ऐकूनच धडकी भरते! तरीही ब्रिटनमध्ये १९९७ ते २०१२ या काळात ही शस्त्रक्रिया झालेल्या ८८० रुग्णांत दहा वर्षे जगण्याचे प्रमाण ७२ टक्के निघाले. मात्र नंतरच्या तपासणीत जवळपास निम्म्यांचा फुप्फुसांतील रक्तदाब काहीसा चढाच आढळला. तो फार चढा असलेल्यांना धोका अधिक. म्हणूनच दम लागणे थांबले की तपासणी टाळणे किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर सोडणे महागात पडू शकते. ही गोळी जन्मभराची असते.