आधी मोजा तरी

जपानमध्ये पाळणाघरांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. प्रवेशाचा अर्ज कित्येक महिने आधी पालिकेकडे भरायचा. आईवडील किती तास काम करतात, घरात मूल सांभाळायला आणखी कोणी आहे का, यावर गुण मिळतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास निकाल हाती पडतो. नंबर लागला नाही, की रजा संपवून कामावर रुजू कसं व्हायचं हा प्रश्न आईपुढेच येतो. अनेक घरांत त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. नोकरी तिनं सोडायची.

२०१३च्या फेब्रुवारीत टोकियोच्या सुगिनामी भागातल्या आयांनी हे ऐकून घ्यायचं नाकारलं. तान्ह्यांना अंगाशी बांधून त्या पालिका कार्यालयासमोर जमल्या आणि प्रवेश नाकारल्याविरुद्ध त्यांनी सामूहिकपणे कायदेशीर हरकती दाखल केल्या. यात मला मोलाचं वाटतं ते हे, की त्या मेहरबानी मागायला गेल्या नव्हत्या. कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांच्या सांभाळाची जबाबदारी तिथला १९४७चा बालकल्याण कायदा पालिकेवर टाकतो. ती तुम्ही पार पाडली नाहीत, इतकंच त्या सांगत होत्या.

२०१६मध्ये, मुलाला पाळणाघर न मिळालेल्या एका आईनं आपला संताप इंटरनेटवर निनावी लिहिला. संसदेत शिओरी यामाओ या विरोधी खासदार बाईंनी तो विषय काढला, तेव्हा मजकूर निनावी असल्यानं खराखोटा पडताळता येत नाही, असं पंतप्रधान शिंझो आबे म्हणाले. आठवडा उलटायच्या आत संसदेबाहेर आया उभ्या होत्या. नंबर न लागलेली ती मीच, असं त्यांच्या हातातल्या फलकांवर होतं. मार्चमध्ये २७ हजारांहून अधिक सह्या आरोग्य आणि कामगार खात्याच्या मंत्र्यांकडे पोचल्या.

पुढचं भांडण आकड्यांवरून झालं. प्रतीक्षेतली मुलं दर वर्षी १ एप्रिलला मोजून जाहीर करण्याची तिथे पद्धत आहे. पण आईनं नाइलाजानं रजा वाढवली, तर काही पालिका तिचं मूल यादीतूनच वगळत. ही चलाखी उघडी पडली आणि २०१७मध्ये मोजणीचे नियम सरकारला बदलावे लागले. त्या वर्षी यादीत २६,०८१ मुलं होती, २०२४मध्ये २,५६७. जन्मदर घटला हेही त्याचं एक कारण आहे, पण नवी पाळणाघरं उघडली, जागा वाढल्या, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे अशी यादीच नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा मिळाली. चांगला कायदा आहे. पण धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी, बिगारी काम करणारी बाई कुठल्या आस्थापनेच्या हजेरीपटावर असते? अंगणवाडीतून तीन वर्षांखालच्या बाळाला आहार मिळतो, त्याचं वजन होतं. दिवसभर सांभाळायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या असताना केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेनं अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरांचं उद्दिष्ट ठेवलं ते १७ हजारांचं.

ऊसतोडीचंच बघा. तिथे नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावावर. बीडहून कारखान्याच्या पट्ट्यात आलेली बाई पहाटे अंधारात फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. तान्हं बाळ पाचटावर अंथरलेल्या लुगड्यात किंवा गाडीच्या सावलीत, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला पाच-सहा वर्षांची बहीण, जिनं खरं तर शाळेत असायला हवं. या हिशेबात आईचाच वेगळा आकडा नाही, मग बाळाचा कुठून येणार?

शहरातल्या नोकरदार घरात हा प्रश्न आजी सोडवते. गुडघे धरून ती नातवंडामागे धावते आणि सगळ्यांना वाटतं, झालं. आजीच्या मायेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण प्रत्येक घरानं आपापला मार्ग काढला, तर पालिकेच्या अंदाजपत्रकात पाळणाघराला जागा मिळणार कशी? आणि जिला आजी नाही, किंवा जिची आजीही कामावर जाते, तिनं काय करायचं?

म्हणून आयांनो, एक काम एकत्र करा. तुमच्या प्रभागात किंवा गावात कामावर जाणाऱ्या आयांची तीन वर्षांखालची मुलं किती आणि त्यांच्यासाठी सार्वजनिक पाळणाघरं किती, हे प्रभाग कार्यालयाला, ग्रामपंचायतीला लेखी विचारा. अर्जावर सोसायटीतल्या आयांच्या सह्या घ्या, आणि त्याच सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींच्या, त्यांच्या सुनांच्याही घ्या. माहिती उपलब्ध नाही, असं उत्तर आलं, तर पुढच्या ग्रामसभेत, नगरसेवकाच्या दारात हीच मागणी घेऊन जा: आधी आमची मुलं मोजा.