रेषेबाहेरचा खेळ

शाळकरी मुलांचा फुटबॉल सामना पाहावयास जाणाऱ्याने एकदा तरी चेंडूवरची नजर काढून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांकडे पाहावे. एरवी आजऱ्याच्या बाजारपेठेत अदबीने बोलणारा गृहस्थ तेथे पंचावर हात उगारताना दिसतो. ‘पाड त्याला!’ हा उपदेश तेरा वर्षांच्या मुलास करणारा बहुधा त्याचा जन्मदाताच असतो. मुलाचा एक कान शिक्षकाकडे, दुसरा वडिलांकडे. आणि तेवढ्यात चेंडू तिसऱ्याच्याच पायात गेलेला असतो. मग चुकल्याबद्दल बोलणी खावयाची तीही त्यानेच!

फुटबॉलचे वेड कोल्हापूर जिल्ह्यास नवे नाही. शहरात तालमी आणि पेठा यांच्या नावाने संघ उतरतात. आजऱ्याच्या शेजारच्या गडहिंग्लजने हा खेळ जिवापाड जपला आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. अशा मातीत आईबापांनी मुलांविषयी स्वप्ने पाहिली, तर त्यांस दोष कोण देईल? या स्वप्नास व्यवहाराचीही जोड आहे. शालेय स्पर्धांत वरच्या पातळीवर पोहोचणाऱ्या विद्यार्थ्यास दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. सामने बाद पद्धतीचे असल्यामुळे एक चुकलेला निर्णय म्हणजे वर्ष वाया, असा हिशेब पालकांच्या मनात पक्का बसतो. रेषेवरून उठणाऱ्या आरोळीच्या मुळाशी पुष्कळदा ममतेपेक्षा हा हिशेबच असतो.

परंतु या हिशेबात एक रक्कम मांडावयाची राहून जाते. पंचाने चूक केली तरी त्याचा निर्णय मानावयाचा, हा मैदानावरचा पहिला धडा होय. तो धडा शिक्षक वर्षभर शिकवितात आणि बाप एका दुपारी पुसून टाकतो. मुले ऐकतात त्यापेक्षा अधिक पाहतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजी आणि दगडफेक यांनी सामन्यांना वारंवार गालबोट लागले आहे. दगड उचलणारे ते तरुण हात काही आकाशातून पडलेले नाहीत. लहानपणी कोणत्या तरी मैदानाच्या कडेला उभे राहून ते हे सारे पाहत आले आहेत.

हा रोग केवळ आपलाच आहे, असेही नव्हे. नेदरलंड्समधील अल्मेरे येथे डिसेंबर २०१२ मध्ये मुलाच्या संघाच्या सामन्यात हौसेने रेषापंच झालेल्या एका पित्यास प्रतिस्पर्धी संघातील मुलांनी मारहाण केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्या प्रकरणात दोषी ठरविलेल्यांत सहा अल्पवयीन मुले होती, आणि त्यांच्यापैकी एकाचा बापही होता! इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२३ च्या ऑक्टोबरात मुलांच्या सामन्यांसाठी एक शनिवार-रविवार मौनाचा पाळावयास सांगितला. टाळ्या वाजवाव्यात, ओरडू नये, एवढाच तो नियम. जेथे या खेळाचे नियम प्रथम लिहिले गेले, तेथे प्रौढांस गप्प बसविण्यासाठी दिवस नेमावा लागतो, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आजरा हे ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचे जन्मगाव. त्यांच्या नायकाची एक हकीकत या संदर्भात आठवते. महाभारताच्या आदिपर्वात राजकुमारांच्या शस्त्रकौशल्याचा सोहळा भरला असता कर्ण रंगणात उतरतो. पाहता पाहता प्रेक्षकांत दोन तट पडतात, स्पर्धकाच्या कौशल्याऐवजी त्याच्या कुळाची चौकशी सुरू होते आणि खेळाचे वैर होते. त्या गर्दीतून काठी टेकीत, थरथरत एक म्हातारा पुढे येतो. तो कर्णाचा पालक पिता अधिरथ. तो कृपाचार्यांना जाब विचारीत नाही, की भीमाशी भांडत नाही. तो फक्त मुलास पोटाशी धरतो आणि त्याचे डोळे वाहू लागतात. त्या साऱ्या सभेत पालक कसा असावा हे त्या एका सारथ्यासच उमगले होते.

यावर कोणी म्हणेल की, आरडाओरड नसेल तर सामन्यास रंगत कसली? आमचे म्हणणे मौनव्रत पाळा असे नाही. चांगल्या चालीस, मग ती प्रतिपक्षाची का असेना, दाद देणारा प्रेक्षक हे खेळाचे वैभवच आहे. आक्षेप आहे तो शिवीला, धमकीला आणि मुलाच्या डोक्याने आपण विचार करण्याच्या हव्यासाला. चेंडू द्यावा की पुढे न्यावा, हे क्षणार्धात ठरविण्यातच खेळाचे शिक्षण आहे. तो निर्णय बाहेरून लादला, तर मुलाचे नुसते पाय खेळतात.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रेक्षकांसाठी रेषेपासून दहा पावलांवर दोरी बांधावी. सामन्यापूर्वी प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांनी आपल्या पालकांस दोन शब्द सांगावेत आणि त्यांच्या वर्तनाची जबाबदारी घ्यावी. कोणी मर्यादा सोडली, तर पंचांनी खेळ थांबवावा आणि तो गृहस्थ मैदानाबाहेर गेल्यावरच पुन्हा सुरू करावा. शिक्षा मात्र त्याच्या मुलास होता कामा नये. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे. पंचाचे काम बहुधा एखादा शिक्षकच सुटीच्या दिवशी, अंगावर ऊन घेत करतो. त्याची अप्रतिष्ठा होत राहिली, तर उद्या शिट्टी हाती घेण्यास कोणी उरणार नाही, आणि पंचावाचून सामना होत नसतो.

सामना संपल्यावर हरलेला मुलगा मान खाली घालून रेषेकडे चालत येतो. त्या वेळी त्याच्यासमोर जाब विचारणारा उभा असावा, की पोटाशी धरणारा, एवढेच प्रत्येक पालकाने ठरवावयाचे आहे.