काळ्या दगडावरची रेघ आणि एक ‘डॅश वाय’

रजिस्टर म्हटलं की आपल्याला शाळेतल्या हजेरीची वही आठवते. हार्डवेअरमधलं रजिस्टरही साधारण तसंच असतं. ठरावीक घरं आणि प्रत्येक घरात एक आकडा. फरक एवढाच की इथे आकडा बदलला की वस्तूच वेगळी वागू लागते. स्वस्त टॅब्लेट, राउटर, छोटे सिंगल-बोर्ड संगणक यांच्यात ईएमएमसी नावाची साठवणुकीची चिप असते. तिच्या आत ५१२ बाइट्सची अशी एक वही आहे, ‘एक्स्टेंडेड सीएसडी’. पैकी ० ते १९१ क्रमांकांच्या भागात सेटिंग्ज असतात, आणि त्यातली बरीचशी आपल्याला बदलता येतात. १९२ पासून पुढचा भाग फक्त वाचायचा. लिनक्सवर ही वही उघडायला ‘एमएमसी-युटिल्स’ नावाचं छोटंसं कमांड-लाइन साधन आहे. ना खिडक्या, ना बटणं.

यातली काही घरं पेन्सिलीने लिहायची आहेत, खोडता येतात. काही वीज जाईपर्यंतच टिकतात. आणि काही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, एकदा लिहिलं की चिपच्या आयुष्यभरासाठी. माझं म्हणणं या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे, आणि ते मी नुकसान सोसून शिकलो आहे.

पोस्टडॉक असताना आमचे डेटा-लॉगर अशाच बोर्डांवर चालत. सतत लिहून लिहून चिप झिजते, म्हणून तिचा भाग ‘एन्हान्स्ड’ करायचं ठरलं. बऱ्याच चिपांमध्ये याचा अर्थ एका पेशीत दोन बिट्सऐवजी एकच बिट ठेवायचा. जागा निम्मी होते, टिकाऊपणा वाढतो. हा बदल कायमचा असतो आणि तो करताना जुना डेटा हातचा जातो. हे साधनही जाणतं, म्हणून ‘डॅश एन’ दिलं की नुसती रंगीत तालीम होते. खरंच लिहायचं तर ‘डॅश वाय’ द्यावं लागतं.

मी तालीम टेबलावरच्या बोर्डावर केली आणि खरा प्रयोग दुसऱ्याच टर्मिनलमध्ये. ते टर्मिनल जोडलेलं होतं शेतात बसवलेल्या लॉगरला, ज्यात तीन आठवड्यांची मोजमापं होती. दोन्हीकडे डिव्हाइसचं नाव एकच, एमएमसीबीएलके-शून्य. साधनाने सांगितलं की बदल लागू व्हायला वीज बंद करून पुन्हा सुरू करा आणि मग अमुक बिट तपासा. मी टेबलावरच्या बोर्डाची वीज काढली, बिट तपासला, तो शून्यच. वाटलं, लिहिणं फसलं असेल. पुन्हा लिहिलं, या वेळी योग्य ठिकाणी, आणि घरी गेलो. शेतातला लॉगर आणखी दोन दिवस गुण्यागोविंदाने नोंदी करत राहिला. मग बॅटरी बदलली गेली, आणि तो सुरूच झाला नाही.

त्या दोन दिवसांत डेटा कॉपी करून घेता आला असता. ‘बिट शून्य का?’ या प्रश्नापाशी दोन मिनिटं थांबलो असतो तर. चूक माझीच, साधनाने तर काय करायचं तेसुद्धा सांगितलं होतं.

असं काही घडलं की एक सल्ला हमखास येतो: अशी साधनं सामान्य माणसाच्या हाती नकोतच. मला तो अजिबात पटत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ हार्डडिस्क आठवा. ८ सेकंद काम नसलं की त्या हेड बाजूला नेऊन ठेवत. लिनक्सवर दर थोड्या वेळाने काही ना काही लिहिलं जातंच, म्हणजे हेड सारखं आत-बाहेर. दर ३० सेकंदांनी एकदा धरलं तरी दिवसाला २,८८० वेळा होतं. अशा डिस्कची हमी साधारण ३,००,००० वेळांची असे, म्हणजे साडेतीन महिन्यांत ती ओलांडली! कंपनीचं अधिकृत साधन डॉसवर चालणारं. मार्क लॉर्ड यांच्या ‘एचडीपार्म’मध्ये ती वेळ लिनक्सवरून बदलायची सोय आली, तीही उलट्या दिशेने उकल करून. विकत घेतलेल्या वस्तूच्या आतली वही मालकाला उघडता आलीच पाहिजे.

प्रश्न पहाऱ्याचा आहे. एचडीपार्मच्या काही घातक आज्ञांना ‘प्लीज-डिस्ट्रॉय-माय-ड्राइव्ह’ असं लांबलचक शेपूट जोडावं लागतं. पहिल्यांदा वाचून हसू येतं. पण सूचना कुठूनतरी उचलून चिकटवणारा माणूस शेपटासकट चिकटवतो. ‘डॅश वाय’चंही तेच, बाण वर दाबला की मागची आज्ञा तयार. एमएमसी-युटिल्समध्ये हार्डवेअर-रीसेट कायमचा चालू करायची आज्ञा आहे, तीही काळ्या दगडावरचीच. मदतीच्या मजकुरात तसा इशारा आहे, पण तिथे ‘डॅश वाय’सुद्धा लागत नाही. एकाच साधनात दोन नियम!

हे सगळे पहारे ‘तुझी खात्री आहे का?’ एवढंच विचारतात. माझी खात्री होतीच की! विचारायला हवं होतं, ‘कुठल्या चिपवर?’ प्रत्येक ईएमएमसीला स्वतःचा अनुक्रमांक असतो आणि तो लिनक्सवर सहज वाचता येतो. कायमचं काही लिहिण्याआधी साधनाने जुना आकडा, नवा आकडा आणि हा अनुक्रमांक दाखवावा, आणि अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरं टाइप करून घ्यावीत. कारखान्यात हजारो चिपा एका स्क्रिप्टने लिहिणाऱ्यांना हे जाचक होईल, हे खरं. त्यांनी अनुक्रमांक स्क्रिप्टमध्येच वाचून द्यावा, दोन ओळींचं काम आहे.

तोवर मी टर्मिनलांचे रंग वेगळे ठेवतो. शेतातल्या बोर्डांचं लालभडक. आमच्या प्रयोगशाळेतले विद्यार्थी त्याला ‘सरांचा धोक्याचा कंदील’ म्हणतात.